भयशेष

कुस्तीच्या हौद्यातल्या लाल मातीत ताक, लिंबू, हळद, कापूर आणि गोडं तेल कालवतात. पैलवानाला खरचटलं तर तीच माती जखमेवर लावतात.

*

हृदय आकसलं की चेहऱ्याच्या कातडीखाली रक्ताची एक लाट येते आणि चेहरा किंचित लाल होतो. हे दर ठोक्याला होतं. समोरच्या माणसाला ते दिसत नाही. कॅमेऱ्याला दिसतं.

*

कोळवडी आणि आसपासच्या चाळीस गावांत, शेवटच्या षटकात सहा धावा हव्या असताना फलंदाज त्रिफळाचीत झाला, की लोक म्हणतात, "केरबा झाला." मुलाखतीत ऐनवेळी पोराची दातखीळ बसली तरी तेच म्हणतात. मंगलाष्टकं म्हणायला उभी राहिलेली मावशी दुसऱ्या ओळीला अडली तरी तेच.

*

तिसरीतल्या एका मुलीने आईला विचारलं, "आडनाव बदलायला किती दिवस लागतात?"

*

निखळलेला खांदा बसवताना हाडवैद रोग्याच्या चेहऱ्याकडे बघत नाही. एका हाताने खांदा धरतो, दुसऱ्या हाताचा अंगठा मनगटावर ठेवतो. माणूस सावध असेल तर हाड बसत नाही. नाडी सैल पडली की तो झटका देतो.

*

राज्य कुस्ती संग्रहालय, प्रवेशद्वार. प्रकाशपुतळा, उंची साडेसात फूट, नग एक. कोणाचा, ते समितीने ठरवावे.

मुल्लाणी, ९८

"सात मोठी मैदानं. साती निकाली, गडी चीतपट करून मारलेली. हिंदुराव चौगुले. विषय संपला," प्रा. दिलावर मुल्लाणी म्हणाले.

"तुझा संपला असंल," वस्ताद ढेंगे म्हणाले. "आमच्या आण्णूनं दिल्लीवाल्याला चाळीस हजार लोकांसमोर आस्मान दाखवलं, तवा तुझा हिंदुराव तालमीत झाडू मारत होता."

"वस्ताद, आण्णू तुमचा चुलतभाऊ."

"मग? माझा चुलतभाऊ हाय म्हणून दिल्लीवाला झोपला व्हय?"

नाडीचित्रण प्रयोगशाळेतल्या लांब टेबलाशी समितीचे तिघे बसले होते. मुल्लाणी विद्यापीठात संख्याशास्त्र शिकवत. वस्ताद ढेंगे ब्याऐंशी वर्षांचे होते आणि त्यांनी आयुष्यात कुस्तीखेरीज काही शिकवलं नव्हतं. तिसरी सदस्य डॉ. ईश्वरी मगदूम. प्रयोगशाळा तिची होती. सकाळचे अकरा वाजले होते आणि वाद तीन दिवस जुना होता: मोठ्या मैदानातला सर्वांत मोठा पैलवान कोण?

"सर, भिंतीकडे बघा," ईश्वरी म्हणाली.

भिंतीवरच्या पडद्यात बसवलेला नाडीदर्शक खोलीतल्या प्रत्येकाचा चेहरा वाचत होता आणि नावासमोर ठोके दाखवत होता. ढेंगे, ७१. मगदूम, ७६. मुल्लाणी, ९८.

"हे बरं नाही," मुल्लाणी म्हणाले. "माणसाची अब्रू अशी भिंतीवर टांगायची नसते."

"तुम्ही खुर्चीत बसलाय. काही उचललं नाही, पळाला नाहीत. श्रम शून्य. तरी नेहमीपेक्षा पंचवीस ठोके जास्त पडतायत. ते कशाचे?"

"हिंदुरावचे," मुल्लाणी म्हणाले. वस्ताद खो खो हसले.

"नाडी दोन कारणांनी चढते," ईश्वरी म्हणाली. "एक श्रम, दुसरं भावना. श्रम मोजता येतो. गड्याचं वजन किती, तो किती उचलला, किती वेळ पेलला, हे चित्रणावरून कळतं. तेवढ्या श्रमाला त्या पैलवानाला किती ठोके लागतात, ते त्याच्या तालमीतल्या चित्रणांवरून कळतं. मैदानातल्या नाडीतून तेवढे ठोके वजा करायचे. उरतात ते भावनेचे. राग आणि आनंद यांची चाल वेगळी असते, तेही वेगळे काढता येतात. मग जे उरतं ते भय. त्याला आम्ही भयशेष म्हणतो."

"म्हंजे बाकी," वस्ताद म्हणाले.

"बाकी."

"आमचे वस्ताद म्हणायचे, तालमीत सगळेच वाघ. मैदानात माणूस वाढला की शेपूट कळतं."

"तेच आकड्यात. माणसं वाढली तरी ज्याचा भयशेष वाढत नाही, तो मोठा."

मुल्लाणींनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा घातला. पडद्यावर त्यांचा आकडा एकशे चारवर गेला. "कल्पना उत्तम आहे. पण मोजपट्टीला खालचं टोकही लागतं. तालमीत अव्वल आणि मैदानात... म्हणजे असं एखादं उदाहरण, की ज्याबद्दल दुमत नाही. तसं तांत्रिकदृष्ट्या..."

वस्ताद टेबलाकडे बघू लागले.

"केरबा मगदूम," ईश्वरी म्हणाली. "म्हणा की, सर. सगळा जिल्हा म्हणतो."

"मॅडम, मला तसं..."

"माझे वडील आहेत म्हणून मोजपट्टी अर्धी ठेवायची का? घाला त्यांना खालच्या टोकाला."

वस्ताद हळू आवाजात म्हणाले, "दोन वर्सं एकाच तालमीत होते दोघं. केरबा हिंदुरावला रोज घोळसायचा. पार रडकुंडीला आणायचा. मग हिंदुरावनं तालीम बदलली, म्हणून तर जोड लागली. एका तालमीतले मैदानात लढत न्हाईत. पन्नास हजार माणूस आलं कोळवडीला. आन् केरबाची पाठ चौथ्या मिनिटाला मातीत." त्यांनी ईश्वरीकडे पाहिलं. "माफ कर पोरी. मी रडलो हुतो त्या दिवशी. पैज लावली न्हवती काही. नुसताच रडलो."

केरबा, १५१

कोळवडीचं मैदान छत्तीस वर्षांपूर्वीचं. सहा हजार फोनांनी ते टिपलं होतं. त्यांतल्या एकोणीस चित्रणांत सलामीही होती. बाकीच्यांनी फोन कुस्ती सुरू झाल्यावर काढले. नाडीदर्शकाने सगळी चित्रणं एकमेकांवर बसवली आणि दोन दिवसांनी उत्तर दिलं.

हौद्यात उतरताना: श्रम नाममात्र. नाडी ८४. भयशेष ९.

सलामी: श्रम शून्य. नाडी १५१. भयशेष ७४.

पहिल्या मिनिटाअखेर: भयशेष ०.

दुसऱ्या: ०.

तिसऱ्या: ०.

चौथ्या, पाठ टेकताना: ०. श्रम, तालमीतल्या सरासरीच्या एक तृतीयांश.

"यंत्र बिघडलंय," मुल्लाणी म्हणाले.

ईश्वरीने पुन्हा लावलं. आकडे हलले नाहीत. तिने हिंदुरावच्या सातही मैदानांचे आकडे शेजारी मांडले, मग आण्णू ढेंग्यांचे. त्यांचे भयशेष अकरा, चौदा, नऊ असे होते. कुठल्याही मोठ्या मैदानात, कुठल्याही पैलवानाचा भयशेष शून्य झाला नव्हता. माणसाचं हृदय पन्नास हजार लोकांसमोर थोडं तरी भितं. या माणसाचं चार मिनिटं भ्यालं नव्हतं, कारण तो लढतच नव्हता.

पैसे घेतले, हे गावात कुणी कुणी म्हणालं होतं. ईश्वरीने ते शाळेच्या वाटेवर ऐकलं होतं, पाणीपुरीच्या गाड्यावर ऐकलं होतं, आणि एकदा स्वतः विश्वासही ठेवला होता.

"पण मग सलामीला कशाला घाबरला?" मुल्लाणी म्हणाले. "हरायचं ठरवून आलेला माणूस सलामीला का घाबरेल? ठरवलेलं असेल तर तो येतानाच भ्यायला हवा. तेव्हा तर नऊ आहे. जे झालं ते सलामीत झालं."

ईश्वरीने सलामीचं चित्र मोठं केलं. दोन उघडे देह, वाकलेले. हातात हात. तिने हिंदुरावचा चेहरा निवडला आणि त्याच्या नाडीची रेघ काढली.

तीन ठोके. मग काही नाही. मग दोन ठोके एकमेकांना चिकटून. मग तीन. मग काही नाही.

"ही रेघ अशी का?" मुल्लाणींनी विचारलं. ते खुर्चीतून उठले होते. "सातही मैदानांची मी सरासरी पाहिली होती. सरासरीत हे दिसलं नाही."

"सरासरीत खड्डे बुजतात, सर."

वस्ताद पडद्याच्या अगदी जवळ गेले. त्यांनी हिंदुरावच्या चेहऱ्याकडे पाहिलंच नाही. बोट ठेवलं ते खाली, हातांवर.

"अंगठा बघ त्याचा," ते म्हणाले. "केरबाचा. सलामीला हात असा धरत न्हाईत. हा मनगटावर गेलाय."

भिंतीवर तिघांचे आकडे हलत होते.

"भय कुणासाठी आहे, ते यंत्र सांगत नाही," ईश्वरी अखेर म्हणाली. "मी ते कुठे लिहूनच ठेवलं नव्हतं. मला वाटलं, माणूस स्वतःसाठीच भितो, हे उघड आहे."

मुल्लाणी बसले. "मी मुलांना शिकवताना वापरतो तो शब्द," ते म्हणाले. "गणित अडलं पोराचं, की म्हणतो, काय रे, केरबा झाला का. गेल्या मंगळवारी म्हणालो."

केरबा, ६२

घर कोळवडीपासून सहा किलोमीटरवर. सोप्यात सतरंजी, तेलाच्या बाटल्या, भिंतीशी कामट्या आणि पट्ट्या. केरबा मगदूम पासष्ट वर्षांचा होता, नाडी बासष्टची, आणि अजून त्याच्या मानेला कॉलरचं बटण लागत नव्हतं. एका बाईचा घोटा त्याच्या मांडीवर होता.

"म्हशीनं पाय दिला, का तुम्ही म्हशीला दिला?" तो विचारत होता.

"आवं, तिनंच की..." बाई हसायला लागली आणि त्याच क्षणी त्याने झटका दिला. ती ओरडली, मग गप्प झाली, मग पाय हलवून बघू लागली.

"झालं. दोन दिस पाण्यात घालू नका. म्हशीला माझा नमस्कार सांगा."

बाई गेल्यावर त्याने मुलीकडे पाहिलं. हात पुसून तिचं मनगट धरलं. ती घरी आली की तो हे करायचा. पहिलीत होती तेव्हापासून. "बारीक झालीस. आन् पळत आल्यासारखी ठोकतीया. काय झालं?"

"अण्णा, सलामीला तुम्ही काय मोजलंत?"

त्याने मनगट सोडलं. तेलाच्या बाटल्यांची झाकणं एकेक करून लावली. पाच बाटल्या होत्या.

"कुणी सांगितलं?"

"तुमच्याच चेहऱ्याने. चित्रण आहे."

"तीन ठोके आन् एक खड्डा," तो म्हणाला. "वाटलं, आपलाच भास. परत मोजलं. परत खड्डा. माझ्या वस्तादानं हाडं शिकवताना नाडी शिकवली हुती, त्यामुळं कळलं. न शिकवती तर बरं झालं असतं."

"मग पंचांना सांगायचं."

"काय सांगू? ह्याची नाडी चुकती, मी लढत न्हाई? पन्नास हजार माणूस म्हणालं असतं, केरबा भ्याला." तो थोडा हसला. "तसं बी म्हणालंच."

"आणि पडलात."

"माझा डाव घुटना. मानेवर गुडघा द्यायचा, छाती मातीत दाबायची, दम निघंस्तोवर. धा-बारा मिन्टं. त्या छातीवर मी घुटना देऊ?" त्याने मान हलवली. "म्हटलं, लवकर संपवू. जास्ती दमायला नगो त्याला. भ्यालो असं दाखवलं आन् त्याच्या एकलंगी डावावर पडलो. त्याला बी नवल वाटलं. वर बसला तवा डोळ्यात बघत हुता माझ्या."

"त्याला सांगितलं नाहीत?"

"सांगितलं की. फेटा बांधत हुते त्याला. कानात म्हटलं, हिंद्या, छाती दाखव डाक्टरला. तर मोठ्यानं म्हणाला, हरल्यावर समद्यास्नी जिंकलेल्यात रोग दिसतोय. लोक हसले. मी बी हसलो. तालमीत माझं ऐकायचा तो. रोज हरायचा ना माझ्याकडनं, म्हणून ऐकायचा. त्या दिवशी मी पाडून सांगितलं असतं, तर ऐकलं असतं त्यानं. पडलेल्याचं कोण ऐकतंय?"

अकरा आठवड्यांनी, दुसऱ्या एका मैदानात, हिंदुराव चौगुले गडी खाली दाबून बसलेला असताना हळूच एका कुशीवर कलला. लोकांना वाटलं नवा डाव आहे. शिट्ट्या वाजत होत्या. पंचाने हात लावेपर्यंत वाजत होत्या.

"तुझं यंत्र," केरबा म्हणाला, "झालेलंच सांगतंय, का न झालेलं बी?"

"म्हणजे?"

"मी त्या दिवशी खरं लढलो असतो. घुटना दिला असता. तर हिंद्या त्याच दिवशी मेला असता का?"

संग्रहालयात वेगवेगळ्या काळातल्या पैलवानांच्या काल्पनिक कुस्त्या दाखवायच्या होत्या. त्यासाठी प्रयोगशाळेने प्रतिदेह बनवले होते: चित्रणांवरून उभा केलेला, त्याच हाडामांसाच्या हिशेबाने वागणारा, गणिती माणूस. हिंदुरावचा प्रतिदेह तयार होता. केरबाचा, आता, बनवता येण्याजोगा होता.

"काढता येईल," ईश्वरी म्हणाली. बोलल्यानंतर तिला वाटलं की बोलायला नको होतं.

"मग काढ. छत्तीस वर्सं मी हे एकच धरून हाय. मेला असता, तर मी केलं ते बरोबर. लोक काय का म्हणंनात. आन् मेला नसता... तू मला खरं सांग. माझं नाव कुठं लिवू नगो. पुतळा हिंद्याचाच करा. त्याची बायको हाय अजून. पण मला खरं सांग."

प्रतिदेह

कुस्ती क्र. १. केरबा विजयी, अकराव्या मिनिटाला. हिंदुराव जिवंत.

कुस्ती क्र. २. केरबा विजयी, नवव्या मिनिटाला. हिंदुराव जिवंत.

कुस्ती क्र. ३. सातव्या मिनिटाला हिंदुराव गुडघ्यावर बसतो, छातीवर हात. पंच कुस्ती थांबवतात. हौद्याकाठचा डॉक्टर तपासतो. जिवंत.

कुस्ती क्र. ४. तसेच. जिवंत.

कुस्ती क्र. ५. केरबा विजयी, बाराव्या मिनिटाला. जिवंत.

हजार कुस्त्या भरवेगात लावल्या होत्या. दुपारचा डबा उघडून ईश्वरी आणि मुल्लाणी पडद्यासमोर बसले होते आणि कुणी घास घेत नव्हतं. पडद्यावर केरबा पुन्हा पुन्हा उतरत होता, सलामी देत होता, आणि खरा लढत होता. एकोणतीस वर्षांचा. ईश्वरीने आपल्या बापाला खरं लढताना कधी पाहिलं नव्हतं. त्या दिवशी ती सात वर्षांची, काकाच्या खांद्यावर बसलेली होती, आणि तिने पाहिलं ते खोटं होतं. तो असा लढायचा तर. चारशेव्या कुस्तीला तिच्या लक्षात आलं की ती हात मुठीत धरून बसली आहे आणि तो जिंकला की मूठ सोडते आहे.

कुस्ती क्र. ४१२. हिंदुराव जिवंत.

कुस्ती क्र. ७०३. आठव्या मिनिटाला हृदय थांबते. मृत.

कुस्ती क्र. ७०४. जिवंत.

शेवटी बेरीज आली. हजारांपैकी नऊशे एक्याऐंशी वेळा हिंदुराव जिवंत. एकोणीस वेळा मृत. नऊशे एक्याऐंशींपैकी सहाशे चाळीस वेळा त्याला हौद्यातच त्रास होतो आणि डॉक्टरला रोग सापडतो. त्रास सहाव्या मिनिटानंतर दिसू लागतो. चार मिनिटांच्या कुस्तीत तो एकदाही दिसत नाही.

मुल्लाणींनी ते शेवटचं वाक्य दोनदा वाचलं.

"लवकर संपवली," ते म्हणाले, "म्हणून लपलं."

ईश्वरीने डब्याचं झाकण लावलं.

"मॅडम, एकोणीस म्हणजे काही नाही असं नाही. एकोणीस वेळा गेलाच तो. घुटना लावल्यावरच गेला. हे सांगितलं तर खोटं होत नाही. मी संख्याशास्त्राचा माणूस आहे, मी सही करून देतो."

"ते विचारतील, किती वेळा."

"विचारणार नाहीत. म्हातारी माणसं किती ते विचारत नाहीत."

"तुम्ही त्यांना ओळखत नाही. ते परत मोजतात."

यंत्राविना

गाडीत तिने सराव केला होता. आरशात स्वतःकडे बघत ते दोन शब्द दहा-बारा वेळा म्हटले होते, आवाज कुठे हलत नाही हे पाहिलं होतं. नाडीदर्शक बनवणाऱ्या बाईला चेहरा कसा ठेवायचा ते ठाऊक असतं.

केरबा सोप्यात एकटाच होता. ऊन उंबऱ्यापर्यंत आलं होतं. त्याने सतरंजी झटकून दिली, ती बसली. त्याने तिचा हात घेतला, तेल लावलं, अंगठ्याच्या मुळाशी चोळू लागला.

"दिसभर बटणं दाबून शिरा आखडल्यात तुझ्या. सांग."

"मेला असता," ईश्वरी म्हणाली.

आवाज हलला नाही. चेहरा हलला नाही.

तो चोळत राहिला. "किती येळा बघितलंस?"

"हजार."

"हजारी येळा?"

"हजारी वेळा, अण्णा. घुटना लावला की आठव्या मिनिटाला. तुम्ही केलं ते बरोबर होतं."

चोळणं थांबलं होतं. केव्हा थांबलं ते तिला कळलं नाही. ती सतरंजीवर मांडी घालून बसली होती. काही उचललं नव्हतं, पळाली नव्हती. गाडी दारात लावून वीस पावलं चालून आली होती, आणि त्यालाही पाच मिनिटं झाली होती. श्रम शून्य होता.

तिने खाली पाहिलं. त्याचा अंगठा तिच्या मनगटावर होता.

त्यानेही तिथेच पाहिलं. मग दोघांनी वर पाहिलं, पण एकमेकांकडे नाही.

तो काही म्हणेल, असं तिला वाटलं. खरं सांग म्हणाला होता. तो माणूस परत मोजणारा होता. अंगठा तसाच राहिला, एवढा वेळ की तिला स्वतःचे ठोके त्याच्या बोटाखाली ऐकू येऊ लागले, एकेक, भरभर, लपवता न येणारे.

"बरं झालं मग," केरबा म्हणाला.

त्याने हात सोडला.

"लई वर्सांचं वझं उतरलं बघ. चांगलं यंत्र हाय तुझं." मग तो मागे सरकला, सावकाश, जसा जुना पैलवान प्रत्येक हाड ठिकाणावर ठेवत सरकतो तसा, आणि त्याने पाठ भिंतीला टेकली. "जेवून जाणार न्हवं? घेवड्याची आमटी हाय."

"जाणार."

"बस मग. भाकरी थापतो."

तो उठला नाही. ती पण उठली नाही. ऊन उंबरा ओलांडून सतरंजीच्या काठाला लागलं.

अहवाल

प्रकाशपुतळा: हिंदुराव चौगुले. एकमताने.

मोजपट्टीचे खालचे टोक: रिकामे ठेवले आहे.

सह्या: डॉ. ईश्वरी मगदूम, प्रा. दिलावर मुल्लाणी, वस्ताद तुकाराम ढेंगे. (वस्तादांनी सहीपुढे स्वतःच्या हाताने लिहिलं होतं: "आण्णू दुसरा. पहिला कोण ते आम्हां तिघांना माहीत.")

सलामी एरवी दोन सेकंदांची असते. कोळवडीला ती नऊ सेकंद चालली. हात आधी हिंदुरावने सोडला.